दान द्यायचे, तर धावायचे कशाला?

प्रश्न : आमचे क्रीडा मंडळ गरजू रुग्णांच्या मदतनिधीसाठी धावण्याची शर्यत घेणार आहे. टी-शर्ट, पदके आणि पाण्याची सोय यांवर होणारा खर्च पाहिला की वाटते, हीच रक्कम थेट निधीला का देऊ नये? दान करायला धावण्याची गरज काय?

उत्तर : खर्चाविषयीची आपली शंका रास्त आहे. प्रवेश शुल्काचा बराचसा भाग आयोजनातच संपतो आणि पदक गळ्यात पडले की आपले दान झाले, असा समज करून घेणारेही असतात. अशा शर्यतींतून निधी उभा राहतो तो मुख्यतः सहभागी व्यक्तीने आपल्या ओळखीच्या माणसांकडे जाऊन मागितलेल्या देणग्यांतून, आणि आपल्या प्रश्नात नेमकी हीच बाजू सुटली आहे.

इतरांसाठी पैसे मागणे बहुतेकांना अवघड जाते. मात्र ‘मी एवढे अंतर धावणार आहे, तुम्ही या कामाला हातभार लावा’ असे म्हणताना मागणाऱ्याने स्वतःचे काही आधीच पणाला लावलेले असते, त्यामुळे त्याचा संकोच गळतो आणि ऐकणाऱ्यालाही नकार देणे सोपे राहत नाही. ओलिव्होला आणि शाफिर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की देणगीसाठी कष्ट वा वेदना सोसाव्या लागणार असतील, तर लोक अधिक रक्कम द्यायला तयार होतात. निव्वळ हिशेबाने पाहिले तर हे उलटेच वाटेल.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये कापावा लागला होता. एप्रिल १९८० मध्ये त्याने कृत्रिम पायाने देश ओलांडण्यासाठी धावायला सुरुवात केली आणि कर्करोग संशोधनासाठी प्रत्येक नागरिकाकडे फक्त एक डॉलर मागितला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यानंतर, आजार फुफ्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. तरी फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमलेली रक्कम २ कोटी ४० लाख डॉलरांच्या पुढे, म्हणजे साधारण देशाच्या लोकसंख्येइतकी झाली होती. एखाद्या धनिकाने तेवढाच धनादेश दिला असता, तर रक्कम तीच राहिली असती, पण त्या कार्याशी बांधली गेलेली लाखो माणसे मिळाली नसती.

म्हणून शर्यत अवश्य घ्यावी, मात्र आयोजनाचा खर्च शक्यतो प्रायोजकांकडून भागवावा आणि प्रवेश शुल्क व देणगी यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. धावता न येणाऱ्यांना चालू द्यावे. पहाटेपासून पाण्याच्या टेबलामागे उभे राहणारे स्वयंसेवकही देणगीदारच आहेत, त्यांची नावे आभाराच्या यादीत विसरू नयेत. शर्यतीनंतर जमाखर्चाचा तक्ता प्रत्येक देणगीदाराला पाठवावा, अगदी किरकोळ रक्कम देणाऱ्यालाही.