दयेचा अर्ज आत्ता नको, ताई

प्रश्न : सत्र न्यायालयानं माझ्या मुलाला खुनाच्या खटल्यात फाशी सुनावली. वय 23. लोक म्हणतात, दोनापावलला जाऊन राज्यपालांकडे दयेचा अर्ज दे. एकजण अर्ज लिहायचे पैसे मागतोय. काय करू? (एक आई, पेडणे)

उत्तर : ताई, त्याला एक रुपयाही देऊ नका. दयेच्या अर्जाची वेळ अजून आलेलीच नाही.

सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. तुम्ही काही केलं नाहीत तरी फाईल पर्वरीला उच्च न्यायालयात जाणारच. तरी स्वतंत्र अपील कराच. मुदत फक्त 30 दिवस. निकालाची प्रत मुलाला फुकट मिळते. वकील परवडत नसेल तर कैद्याला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरण वकील देतं.

पुराव्यावर वकील भांडतील. शिक्षेवर भांडायला मात्र तुम्ही लागाल. सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची असते. आरोपीचं बालपण, आजार, तुरुंगातली वागणूक हे सगळं न्यायालयापुढे आलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पुन्हा बजावलंय. हे सगळं आणणार कोण?

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, आठवीत असताना तो काजूच्या झाडावरून डोक्यावर पडला आणि ‘मग पहिल्यासारखा राहिलाच नाही’. दोन पानांच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे वाक्य! घरातली ट्रंक उघडा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा, म्हणजे गोमेकॉचा केसपेपर शोधा, घडीवर फाटलेला असला तरी चालेल. नसेल तर गोमेकॉत नोंद मागा. शाळेचा दाखलाही काढा. पुण्याच्या एका खटल्यातला फाशीचा कैदी 2023 मध्ये, 28 वर्षांनी सुटला, कारण गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता हे शाळेच्या नोंदीवरून ठरलं. तुमच्या मुलाचा मुद्दा वेगळा, पण कागदाची किंमत कळावी म्हणून सांगतो. त्याला शिकवलेल्या बाई अजून गावात असतील तर त्यांनाही भेटा.

दयेचा अर्ज सगळी न्यायालयं संपल्यावर. तेव्हा तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून 30 दिवसांत तो राज्यपालांकडे करता येतो, आई म्हणून तुम्हीही करू शकता. तिथं फेटाळला गेला, तर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे.

निकालाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आधी बघा. कोलवाळच्या तुरुंगात भेटीला जाल तेव्हा मुलाला पहिलं विचारा : वकीलपत्रावर सही केलीस का?