मेडिकलमधून आणलेली ट्यूब आणि इतर प्रश्न

पावसाळा लागला की त्वचेच्या तक्रारींची पत्रं वाढतात. बरेच प्रश्न पूर्वीचेच आहेत, पण चुकाही त्याच होत असल्याने पुन्हा उत्तरं देते.

दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुते. त्वचा ताणल्यासारखी होते. कोणतं क्रीम लावू?

आधी साबण कमी करा, दोनदा पुरे. चेहऱ्यावरचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो आणि जंतूंना तोच अडवतो. साबणाने त्यातली स्निग्धता निघून जाते.

नाकातले केस उपटले तर चालतील?

नाही. बाहेर दिसणारे तेवढे कात्रीने कापा.

जांघेत गजकर्ण आहे. मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, बंद केली की परत येते. आता पत्नीलाही झालंय. शेजाऱ्यांना याच ट्यूबने गुण आला होता.

शेजाऱ्यांचं सोडा. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय? मग त्यात स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, गजकर्णाची बुरशी मरत नाही. उलट त्या जागेची प्रतिकारशक्ती कमी होते आणि बुरशी आरामात पसरते. चट्ट्याची कडा पुसट झाल्याने नंतर निदानही अवघड जातं. महिनोन् महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी काउंटरवर मागितली की मिळतात, याचा मला मनापासून संताप येतो. त्यात अर्धवट उपचारांची भर पडते. पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधालाही आज कित्येक रुग्णांची बुरशी दाद देत नाही. दोघंही एकाच वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब सोबत न्या. टॉवेल वेगळे ठेवा. सांगितलेले आठवडे पुरे करा, खाज थांबली म्हणून औषध सोडू नका.

डेंगी होऊन अडीच महिने झाले. केस मुठीने गळतात. कांद्याचं तेल लावू का?

मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं. मुळं शाबूत असतात, बहुतेकांचे केस आपोआप परत येतात. जाहिरातवाले त्याचं श्रेय बाटलीला देतात. सहा महिन्यांनंतरही गळती चालू राहिली तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसले तर सहा महिने थांबू नका, लगेच दाखवा.

पार्लरमध्ये नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापतात. मला दर वेळी नखुरडं होतं.

कापू देऊ नका. पाणी आणि जंतू नखाच्या मुळात शिरू नयेत म्हणूनच ती कातडी असते. मधुमेह असेल तर पू होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

अंगठ्याच्या नखात काळी उभी रेघ आहे. वर्षभरात रुंदावली, दुखत मात्र नाही. थांबू का?

थांबू नका. सावळ्या वर्णात अनेक नखांवर अशा रेघा असतील तर त्या बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखात नव्याने आलेली आणि रुंदावणारी रेघ क्वचित कर्करोगाची असू शकते, आणि तो सुरुवातीला दुखत नाही. याच आठवड्यात जा. जाताना नेलपॉलिश काढून जा.