देव्हाऱ्याच्या नक्षीवर सुकलेला फेविकॉल

प्रश्न : आमच्या घरी आजेसासूबाईंच्या काळातला सागवानी देव्हारा आहे. गेल्या चवथीला मुलांनी त्याच्या कोरीव खांबांना फेविकॉलने जरीची पट्टी चिकटवली होती. पट्टी निघाली, पण नक्षीच्या खाचांत गोंद सुकून बसला आहे. नखाने खरवडताना एका ठिकाणचे पॉलिशही गेले. काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नख, सुरी आणि पॉलिशपेपर आधी बाजूला ठेवावेत. येथे गोंदापेक्षा त्याखालच्या पॉलिशची काळजी अधिक आहे. जुन्या देव्हाऱ्यांना बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश असते. देव्हाऱ्याच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. अर्ध्या मिनिटात ती जागा चिकट झाली, तर पॉलिश लाखेचे आहे असे समजावे. तसे असल्यास गोंद काढण्यासाठी सर्रास सुचवले जाणारे स्पिरिट, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर त्याच्या जवळही नेऊ नये, कारण गोंदाआधी पॉलिशच उतरेल.

सुकलेला पांढरा गोंद ओलाव्याने मऊ होतो. कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडी होईपर्यंत पिळावी आणि फक्त गोंदावर दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवावी. काचेसारखा दिसणारा थर दुधाळ होऊ लागला की तो सुटायला तयार झाला, असे जाणावे. मग बांबूची टोकदार केलेली काडी लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकेच सरकवावी, निघालेला गोंद मलमलच्या फडक्याने टिपावा आणि जागा लगेच कोरडी करावी. एका वेळी अंगठ्याएवढाच भाग घ्यावा. गोंद हट्टी असेल, तर पाण्यात तितकेच पांढरे व्हिनेगर मिसळावे. माडाच्या सुरेचे घरगुती व्हिनेगर मात्र नको, कारण त्याचा रंग लाकडात उतरू शकतो.

हे काम पावसाळ्यात करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या दिवसांत आपल्याकडचे लाकूड आधीच दमट असते आणि मुरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. लाखेवर पांढुरका धुरकटपणा आला, तर घाबरून घासू नये. पुष्कळदा तो एक-दोन दिवसांत आपोआप विरतो.

पॉलिश गेलेल्या जागेला पाणी लागू देऊ नये, कारण उघडे लाकूड फुगते. तेथे जाणत्या मेस्ताकडून लाखेचा पातळ हात फिरवून घ्यावा. खोल खाचेतला एखादा कण निघत नसेल, तर तो तसाच राहू द्यावा. त्याच्यापायी कोरीव पाकळीची धार गेली, तर ती परत येणार नाही.