कढी नासली नव्हती, कळकली होती

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "पितळी पातेल्यात रात्रीची कढी तशीच राहिली. सकाळी सासूबाईंनी झाकण काढलं आणि वासावरूनच म्हणाल्या, 'कळकली गं, टाकून दे.' मी थोडी चाखून पाहिली. आंबट होती, पण रात्री होती तेवढीच. फक्त जिभेवर कडसर, कसनुशी चव बराच वेळ राहिली. कळकणं म्हणजे नासणंच का? आणि कळकट, कळक या शब्दांशी त्याचं काही नातं आहे का?"

ताई, सासूबाईंनी त्या कढीसाठी मराठीतला नेमका शब्द वापरला आहे. तो हल्ली कानावर फारसा पडत नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

पदार्थ बिघडला हे सांगायला आपल्याकडे एक शब्द नाही, डझनभर आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. दूध नासतं किंवा फाटतं: त्यात आम्ल वाढलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गाठी होतात आणि पाणी वेगळं निघतं. पीठ आंबतं, कारण जिवाणू त्यात आम्ल तयार करतात. (आंबट हा शब्द संस्कृत 'अम्ल'वरूनच आला आहे. म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं आम्ल आणि ताकातला आंबटपणा हे एकाच घरचे.) खोबरं खवट होतं, कारण त्यातल्या तेलावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते. भाकरी बुरसते, उसळ विटते, भाताला तार सुटते. या सगळ्यांत पदार्थच आतून बदलतो, कधी जंतूंमुळे, कधी हवेमुळे.

कळकण्याचं तसं नाही. तिथे पदार्थ ठीक असतो, भांडं त्यात उतरतं. उतरतं हे अक्षरशः घ्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताकातलं लॅक्टिक आम्ल जस्ताला सहज विरघळवतं. तांबं त्यामानाने चिवट असतं. नुसत्या सौम्य आम्लाला ते दाद देत नाही, पण जोडीला हवेतला ऑक्सिजन मिळाला की तांब्याचा पृष्ठभाग ऑक्साइड होतो आणि ते ऑक्साइड आम्लात विरघळतं. म्हणून अशा पातेल्यात हिरवट कड दिसली तर ती बहुतेक कढीच्या वरच्या रेषेला असते, कारण आम्ल, हवा आणि धातू तिन्ही तिथे एकत्र येतात. तुमच्या जिभेवर राहिलेली ती कसनुशी चव विरघळलेल्या धातूची. हे तांबं जास्त पोटात गेलं तर मळमळतं, उलट्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम ठरवली आहे. कळकलेली कढी पुन्हा उकळून उपयोग नाही. उकळीने जंतू मरतात, पण विरघळलेलं तांबं कुठेच जात नाही. 'टाकून दे' हेच बरोबर.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट चिंचेची आहे. काळं पडलेलं पितळ आपण चिंचेने घासतो आणि ते झळाळतं, कारण चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइडचा थर विरघळवून घेतं. तीच चिंच घातलेली आमटी उघड्या पितळेत रात्रभर राहिली की कळकते. क्रिया तीच. मोरीवर झाली तर भांडं उजळतं, चुलीवर झाली तर आमटी जाते. आपल्या नाशिकच्या द्राक्षांतही हेच टार्टारिक आम्ल असतं.

आता शब्दाकडे. कळकणे हे क्रियापद संस्कृत 'कलंक'शी जोडलं जातं आणि मला ते पटतं. कलंक म्हणजे डाग एवढंच आपण लक्षात ठेवलं, कारण चंद्राचा कलंक आणि कुळाला कलंक यांनीच तो शब्द अडवून ठेवला आहे. पण संस्कृत कोशांत कलंकाचा आणखी एक अर्थ दिलेला आहे: लोखंडाचा गंज. म्हणजे धातूवर चढणारा मळ हा अर्थ मुळात होताच. मराठी स्वयंपाकघराने तो पुढे नेला आणि धातूचा हा मळ अन्नात उतरण्याला कळकणं म्हटलं. काही घरांत याच अर्थाने 'पितळलं' म्हणतात, तोही सुंदर शब्द आहे.

कळकट याच कुटुंबातला वाटतो. मळकट, तेलकट, धुरकट यांच्या पंगतीला तो बसतो आणि अर्थही जुळतो: नुसती धूळ बसली तर आपण कळकट म्हणत नाही, चिकटून मुरलेली काळपट घाण असली तर म्हणतो. कळक मात्र वेगळा. तो बांबूचा एक प्रकार, त्याचा कढीशी संबंध नाही. कळकळीचाही नाही.

कळकणं टाळण्यासाठी आपल्याकडे कल्हई आली. हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, तिकडे 'कलई' म्हणजे कथील. जुन्या नाशकात भांडी बाजार आणि तांबट लेनच्या बाजूला लहानपणी आजीबरोबर जायचो, तेव्हा कल्हईवाल्यासमोरून माझे पाय हलत नसत. भाता फुंकून भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एकदा फिरवलं की पिवळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर तो पितळेवरचं ऑक्साइड खाऊन टाकतो, म्हणून कथील स्वच्छ धातूला घट्ट धरतं. ताकाचं किंवा चिंचेचं आम्ल कथलाचं फारसं काही बिघडवू शकत नाही. मात्र कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. गॅसच्या आंचेवर रिकामं भांडं बघता बघता तिथवर तापतं. भांड्यात पाणी किंवा आमटी असली की तापमान शंभराच्या आसपासच थांबतं.

'पितळ उघडं पडलं' हा वाक्प्रचार सोन्याच्या मुलाम्यावरून आला असावा. पण कल्हई उडालेल्या पातेल्यात ते रोज डोळ्यांनी दिसतं. तुमच्या पातेल्याच्या तळाशी पिवळे डाग दिसत असतील तर कढी त्या डागांनीच कळकवली.

एक वापर मात्र मला खटकतो. हल्ली 'स्टीलच्या डब्यातलं ताक कळकलं' असं ऐकू येतं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो ताकाला धातूपर्यंत पोचू देत नाही. त्या डब्यात ताक आंबेल, फार आंबेल, पण कळकणार नाही. तिथे आंबणे हाच शब्द वापरावा, नाहीतर कळकणे हा बिघडण्याला आणखी एक पर्याय होऊन बसेल आणि त्यातलं भांडं हरवेल. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट आमटी राहून चव बदलली तर मात्र कळकली खुशाल म्हणा. शब्द तिथे शोभतो.

लोखंडी कढईचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. त्यात आवळा शिजवला की तो काळा पडतो. आवळ्यातली टॅनिनं आणि लोह मिळून हा काळा रंग होतो, जुन्या काळी शाई अशीच करत. तिथेही भांडं पदार्थात उतरलेलंच असतं, तरी आमच्या घरी त्याला कोणी कळकलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. 'कढईचा काळा उतरला' म्हणत आणि आवडीने खात. तुमच्या सासूबाई त्याला काय म्हणतात, हे विचारून मला नक्की कळवा.