अडीच तासांचा व्हिडिओ कॉम्प्रेस केल्यावर फाईल किती मोठी होईल, हे आधी कसे काढायचे?

बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) गुणिले सेकंद, भागिले आठ, कारण आठ बिटांचा एक बाइट; हिशेब एवढाच आहे आणि त्यात रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कोठेही येत नाही. हे मी माझ्या थोरल्या भावोजींना धाकट्या बहिणीच्या लग्नापासून सांगत आलो आहे.

त्या लग्नाचे चित्रीकरणही नेमके अडीच तासांचे होते. घरचा जुना टीव्ही केवळ फॅट३२ या जुन्या मांडणीचा पेनड्राइव्ह वाचत असल्यामुळे, आणि त्या मांडणीत याहून मोठी फाईल मावत नसल्यामुळे, फाईल ४ जीबीच्या आत बसवणे भाग होते. मी एक्स२६४ या कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीआरएफ ही पद्धत वापरली, म्हणजे दर्जा ठरवला आणि आकार दैवावर सोडला. अंदाजासाठी दोन मिनिटांचा तुकडा काढला, तो ४० एमबीचा झाला. त्याच्या पंचाहत्तर पट म्हणजे ३ जीबी, असे सर्वांना सांगून मी मोकळा झालो. सकाळी पाहतो तर फाईल ५ जीबीच्या पुढे गेलेली. माझा तुकडा होता कन्यादानाचा, ज्यात कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर आणि माणसे पाटावर बसलेली. मंगलाष्टकांत उडालेल्या अक्षता किंवा वरातीतला नाच त्यात कोठून येणार? कोडेक, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करणारी प्रणाली, आधीच्या फ्रेममधला भाग सरकवून पुढची फ्रेम रचतो आणि बिट वाचवतो. शेकडो दाणे शेकडो दिशांना उडू लागले की सरकवण्याजोगे फारसे काही उरत नाही.

“७२० कर, निम्मी होईल,” म्हणजे रिझोल्यूशन १०८० ओळींवरून ७२० वर उतरव, असे भावोजी चार पाहुण्यांसमोर म्हणाले. मी ऐकले नाही. ३,९०० एमबी गुणिले ८, भागिले ९,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३.४७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), त्यातून आवाजाचे १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वजा केले, थोडी जागा राखली, व्हिडिओला ३.३ दिले आणि टू-पास लावला. पहिल्या फेरीत अवघड जागा हेरल्या जातात आणि दुसऱ्या फेरीत कन्यादानाचे वाचलेले बिट वरातीला मिळतात. फाईल मर्यादेत बसली.

आपल्याला आकाराची सक्ती नसेल, तर सीआरएफच ठेवावे. मात्र अंदाजासाठी चार-पाच ठिकाणचे तुकडे घ्यावेत आणि त्यांत सर्वांत धावपळीचा एक असावा.

सीआरएफचा आकडा तोच ठेवून रिझोल्यूशन उतरवले तर फाईल लहान होते, हे खरे आहे. शिवाय ३.३ एमबीपीएसमध्ये १०८० च्या अक्षता जरा पुसट आल्या आहेत. ७२० मध्ये कदाचित बऱ्या दिसल्या असत्या. भावोजींना मी हे अद्याप सांगितलेले नाही.