सासूबाईंना तुम्ही स्वतः विचारले आहे का?

सोलापूरच्या निलम नगर परिसरातून एका आईचे चार पानी पत्र आले आहे. वय ३१; बारावी कला शाखेतून ५४ टक्के, इंग्रजीत ४७ गुण; मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची. पती अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागावर कामाला आहेत आणि सासूबाई घरी विड्या वळतात. नर्सिंग करावे की लॅब टेक्निशियनचा म्हणजे डीएमएलटीचा कोर्स करावा, असा त्यांचा प्रश्न आहे. घरच्यांचा कल लॅबकडे आहे, कारण त्यात रात्रपाळी नसते असे त्यांना सांगण्यात आले आहे, आणि एका संस्थेत पाच हजार रुपये भरूनही झाले आहेत. "दोन मुलांची आई म्हणून मी यातले काय निवडावे?" असे विचारून त्यांनी पत्र संपवले आहे.

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी पेन्सिलीने तीन ठिकाणी रेघ ओढली. पहिली रेघ दुसऱ्या पानावर आहे. तेथे तुम्ही लिहिता, "ह्यांना आठवडाआड रात्रपाळी असते, त्यामुळे मीही रात्री घरात नसले तर कसे चालेल?" प्रश्न रास्त आहे, आणि ज्या रात्री दोघांच्याही पाळ्या एकत्र येतील त्या रात्रीची सोय लावावीच लागेल. परंतु गेली दहा वर्षे तुमच्या घरातील एक पालक महिन्यातल्या निम्म्या रात्री घराबाहेर असतो आणि त्यावर कोणी कधी चर्चेला बसल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही. मुलगा तापाने फणफणलेला असताना मागावर जावे की जाऊ नये, हे तुमच्या पतींनी माझ्यासारख्या कोणाला पत्र लिहून विचारलेले नाही. मी त्यांना दोष देत नाही. मागांच्या खडखडाटात रात्रभर उभे राहून त्यांनी घर चालवले आहे. मात्र ते रात्री बाहेर पडले तर तो कामधंदा आणि तुम्ही बाहेर पडलात तर ती मुलांची हेळसांड, हा हिशेब मला मान्य नाही, आणि या हिशेबावर उभे राहून तुम्ही व्यवसाय निवडू नये असे मला वाटते.

दुसरी रेघ त्याच पानाच्या तळाशी आहे. "सासूबाईंना नर्सिंग पसंत नाही, असे ह्यांनी सांगितले." दोन खोल्यांच्या घरात तुम्ही आणि सासूबाई दिवसभर एकमेकींसमोर असता, आणि त्यांचे मत मात्र तुम्हाला अशा माणसाकडून कळते जो त्यातला बराच वेळ कामावर तरी असतो किंवा पाळी संपवून झोपलेला तरी असतो. तुम्ही स्वतः त्यांना विचारले आहे का? मांडीवर सूप घेऊन, कात्रीने पाने कापत, तंबाखू भरत आणि दोरा गुंडाळत त्यांनी तीन मुले वाढवली, असे तुम्हीच लिहिले आहे. वेळेत कारखान्यात विड्या पोचवायच्या, छाट काढलेल्या म्हणजे नापास ठरवलेल्या विड्यांवरून तेथे हुज्जत घालायची आणि परत येऊन चूल पेटवायची, हे ज्या बाईने वर्षानुवर्षे केले, तिला कामाला जाणारी आई म्हणजे काय हे तुम्ही किंवा मी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या नकार देणारच नाहीत, असे मी म्हणत नाही. परंतु त्यांचा नकार त्यांच्या तोंडून ऐकलात तर कदाचित त्यात रात्रपाळीचे नावही नसेल. नातवंडे सांभाळायची म्हणजे दिवसाच्या विड्या कमी होणार, आणि विड्या कमी झाल्या की हातात येणारे स्वतःचे पैसे कमी होणार, ही त्यांची खरी अडचण असू शकते. तुम्ही पाण्याच्या दिवसाचे लिहिले आहे; तुमच्याकडे चार दिवसांनी पाणी येते आणि त्या वेळी घरात कोणीतरी मोकळे असावे लागते. तेही त्यांच्याच अंगावर येणार. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या रुपयांत आणि तासांत मोजता येतात, आणि जे मोजता येते त्यावर तोडगाही काढता येतो. "घराण्याला शोभत नाही" या वाक्यावर कोणताच तोडगा नसतो, म्हणून बरेचदा माणसे खरी अडचण त्याच्या आड ठेवतात.

तिसरी रेघ शेवटच्या पानावर अर्ध्या ओळीखाली आहे. सासऱ्यांच्या अखेरच्या आजारपणात तुम्ही अठरा दिवस रुग्णालयात होतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस कशी बदलायची आणि त्याला न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, हे वॉर्डातल्या सिस्टरने तुम्हाला दाखवले. पुढे शेजारच्या खाटेवरच्या, ज्यांच्याजवळ कोणी नव्हते त्या आजोबांची कूसही तुम्हीच बदलत होतात. एवढे लिहून तुम्ही "असो" म्हटले आहे आणि पुन्हा फीच्या हप्त्यांकडे वळला आहात. चार पानांत तुम्हाला स्वतःला काय जमते आणि काय करावेसे वाटते, हे सांगणारी एवढीच जागा आहे. लॅबविषयी तुम्ही फी लिहिली, बसचे भाडे लिहिले, क्लासची वेळ लिहिली. तेथे दिवसभर करायचे काम कसले असते याचा एक शब्दही तुमच्या पत्रात नाही.

आता त्या लॅबच्या कोर्सकडे येते. तो पर्याय तुमच्यासाठी उपलब्धच नाही. मान्यताप्राप्त डीएमएलटीला बारावी विज्ञान लागते, आणि तेही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन; तुमची बारावी कला शाखेची आहे. परावैद्यक म्हणजे पॅरामेडिकल व्यवसायांसाठी राज्यात २०११ चा परावैद्यक परिषदेचा कायदा आहे, आणि २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला. या व्यवसायांत आता नोंदणीला अर्थ आहे, आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त नसेल तर नोंदणी होत नाही. "कोणत्याही शाखेचे विद्यार्थी चालतील" असे ज्या संस्थेने तुम्हाला सांगितले, ती तुम्हाला प्रमाणपत्र नक्की देईल. असे एक प्रमाणपत्र लॅमिनेट करून माझ्याकडे घेऊन आलेली मुलगी मला आठवते. त्यावरचा शिक्का इतका मोठा होता की अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, हे शोधायला आम्हा दोघींना भिंगच घ्यावे लागले असते, आणि शोधून सापडले ते एका खासगी न्यासाचे नाव. दोन वर्षे आणि आईची पाटली गहाण ठेवून आणलेले पैसे त्या कागदात गेले होते.

तुम्ही विज्ञान शाखेच्या असतात तरी मी तुम्हाला तुमच्या घरच्यांच्या कारणासाठी लॅब सुचवली नसती, कारण लॅब म्हणजे दहा ते पाचची नोकरी हा समज चुकीचा आहे. रुग्णालयाची प्रयोगशाळा आणि रक्तपेढी रात्री बंद होत नाही. अपघाताचा रुग्ण रात्री दोन वाजता आला तर त्याचा रक्तगट कोणीतरी त्याच वेळी तपासायचा असतो. बाहेरच्या खासगी लॅबमध्ये रात्रपाळी बहुधा नसते, पण तेथील गर्दीची वेळ पहाटे साडेसहा ते नऊ ही असते, कारण उपाशीपोटीचे रक्त तेव्हाच घेतात. तुमच्या मुलाचा डबा भरण्याची आणि मुलीची वेणी घालण्याची वेळ नेमकी तीच आहे. "पुढे घरीच स्वतःची लॅब टाकता येईल" असेही तुम्हाला सांगितले गेले आहे. टेक्निशियनने एकट्याने, स्वतःच्या सहीने अहवाल देऊन लॅब चालवावी, असे आता मानले जात नाही. अहवालावर पदव्युत्तर पात्रता असलेल्या पॅथॉलॉजिस्टची सही असावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच शिक्कामोर्तब केले आहे. लॅबचे काम मोलाचे आहे आणि ते मन लावून करणारी माणसे मी पाहिली आहेत, परंतु मुलांची सोय म्हणून ते निवडणाऱ्यांची फसगत होते.

नर्सिंगच्या वाटा थोडक्यात सांगते. बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा आणि सीईटी लागते, म्हणून ते तुमच्यासाठी नाही. तीन वर्षांच्या जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या पदविकेला, कोणत्याही शाखेची बारावी, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण चालतात, आणि दोन वर्षांच्या एएनएमलाही (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) शाखेची अट नाही. दोन्हींसाठी वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवीही घेता येते. प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहावी, आणि संस्थेला भारतीय परिचर्या परिषद व महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे की नाही, हे त्या परिषदांच्या यादीत पाहावे, माहितीपत्रकात नव्हे.

तुम्ही रात्रपाळीला घाबरता आहात. मला काळजी वाटते ती शिक्षणाच्या तीन वर्षांची. नोकरीत ड्यूटीचा तक्ता आधी लागतो, रात्रपाळीनंतर ऑफ मिळतो, आणि अडचणीच्या दिवशी मैत्रिणीशी ड्यूटी बदलून घेता येते. विद्यार्थिनीला यातले फारसे काही नसते. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास तर अखेरीस शंभर टक्के भरून द्यावे लागतात. मुलीला गोवर आला म्हणून आठवडाभर घरी राहिलात, तर तो आठवडा पुढे वॉर्डात उभे राहून भरायचा असतो. रात्रीच्या पोस्टिंगही शिकतानाच सुरू होतात. काही संस्था विद्यार्थिनींना वसतिगृहात राहण्याची सक्ती करतात, म्हणून विवाहित विद्यार्थिनीला घरून येता येईल का, हा प्रश्न फी विचारण्याच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि चौदा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडणाऱ्याला पहिले सहा महिने जड जातात. या काळात तुमच्या हाती पगार नसेल, आणि शिक्षण संपल्यावर खासगी रुग्णालयातला पहिला पगार ऐकून तुमचे पती "यासाठी एवढे केलेस का?" असे विचारण्याचीही शक्यता आहे. त्या दिवसाची तयारी आजच ठेवा.

सरकारी नोकरीचे गणित वेगळे आहे आणि ते तारखेशी बांधलेले आहे. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेची म्हणजे स्टाफ नर्सची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. राज्याच्या भरतीत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. यंदा प्रवेश घेतलात तर चौतिसाव्या वर्षी नोंदणी हाती येईल आणि खुल्या प्रवर्गातही चार वर्षे प्रयत्नांना मिळतील. पुढच्या वर्षी घेतलात तर तीन. एम्सच्या परीक्षेची खुल्या प्रवर्गासाठीची तिसाव्या वर्षाची मर्यादा मात्र तुम्ही ओलांडली आहे, तेव्हा कोणी त्याच्या क्लासची जाहिरात दाखवली तर तिकडे लक्ष देऊ नका. एएनएम करून जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होण्याचा मार्ग एका वर्षाने लहान आहे आणि तेथे २५,५०० पासूनची श्रेणी आहे. त्यात वॉर्डातल्या पाळ्या नसतात, पण उपकेंद्राच्या गावाशी बांधून घ्यावे लागते आणि लसीकरणाच्या फेऱ्या उन्हातान्हात होतात. त्या अठरा दिवसांबद्दल वाचल्यावर माझा कल तुमच्यासाठी जीएनएमकडेच आहे.

घराण्याच्या प्रतिष्ठेचा मुद्दा तुमच्या दिरांनी काढला आहे, म्हणून एवढेच लिहिते. युद्धकाळात चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे आपल्या गावातील शाळकरी मुलालाही माहीत असते. १९४१ मध्ये चीनमध्ये त्यांनी ज्यांच्याशी लग्न केले, त्या क्वो छिंगलान नर्सिंगच्या क्षेत्रातल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि १९४२ च्या डिसेंबरात कोटणीस गेले तेव्हा त्यांचे मूल अवघ्या काही महिन्यांचे होते. दिरांना हे सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगितले असते.

सासूबाईंचा होकार असेल तर यंदाच अर्ज करा. तो नसेल, किंवा त्यांच्या विड्यांच्या कमी होणाऱ्या पैशांची तजवीज व्हायची असेल, तर मुलगी वर्षभर बालवाडीत रुळेपर्यंत थांबा आणि या वर्षात इंग्रजीवर हात फिरवा. एक वर्ष थांबणे तुम्हाला परवडेल, तीन वर्षे परवडणार नाहीत. पतींशी बोलताना रात्रपाळीचा विषय त्यांनी काढण्याआधी तुम्हीच काढा, आणि त्यांचा पाळ्यांचा तक्ता समोर ठेवून बोला. कोणत्या रात्री मुलांजवळ कोण असेल, हे नावानिशी कागदावर लिहिले की कठीण रात्री वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. ज्या निघतील त्यांवर तिघांनी बसून बोलायचे आहे.

त्या संस्थेला दुसरा हप्ता मात्र देऊ नका. कला शाखेच्या बारावीवर हा प्रवेश कोणत्या परिषदेच्या मान्यतेने दिला, असा लेखी अर्ज करून पाच हजार रुपये परत मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी ठेवून घेतला असेल, तर पैशांचा विषय काढण्याच्या आदल्या दिवशी, झेरॉक्स काढायची आहे असे सांगून, ती कागदपत्रे आधी घरी आणा.