ठेकेदार नेमावा की कारागीर आपणच लावावेत?

प्रश्न : बैठ्या घराला मागच्या बाजूने १२ चौरस मीटरची खोली आणि बाथरूम वाढवायचं आहे. नकाशा मंजूर आहे. ठेकेदार टाळून गवंडी, प्लंबर, वायरमन वेगवेगळे लावले तर पैसे वाचतील का? नोकरीमुळे साइटवर फक्त सकाळ-संध्याकाळ जाता येईल.

उत्तर : ठेकेदाराचा नफा वाचेल, पण दोन कारागिरांच्या मधलं काम तुमच्या अंगावर येईल. वायरमन भिंतीत झिरी (पाइपासाठी खाच) मारून निघून जातो, ती बुजवायला गवंडी वेगळे पैसे मागतो. झिऱ्या बुजवणं, परांची, राडारोडा उचलणं कोणाकडे, हे दर ठरवतानाच लिहून घ्या.

माल स्वतः आणणार असाल तर हिशेब आधी करा. खोलीचा स्लॅब १२५ मिमी जाडीचा धरला तर काँक्रीट दीड घनमीटर, १:१.५:३ (सिमेंट : वाळू : खडी) प्रमाणाला ५० किलोच्या साधारण १२ गोण्या, बीमच्या वेगळ्या. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नका.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जुन्या-नव्या बांधकामाचा सांधा. जुना पाया बसून गेलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोन्ही भिंती नुसत्या एकमेकींत गुंफल्या की तिथेच उभी चीर पडते. सांधा सुटा ठेवायचा की जुन्या कॉलमला भोकं पाडून केमिकलने सळया बसवायच्या, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावं. गवंड्याच्या अनुभवावर सोडू नका, तो कितीही जुना असला तरी.

तुमच्या वेळेत स्लॅबपर्यंतचं आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) मालासकट ठेकेदाराला द्यावं, पुढचं स्वतः बघावं, असं आमचं मत. तरी स्लॅब ओतण्याच्या दिवशी रजा काढाच : सळयांखाली कव्हर ब्लॉक (सळया फळ्यांपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत ना, पंख्याचा बॉक्स आणि वायरिंगचे पाइप बसलेत ना, हे नंतर बघता येत नाही. ओतल्यावर किमान ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस, स्लॅब सतत ओला हवा. दुपारी पाणी मारणारा माणूस कोण, तेही ठरवा.

बाथरूमचं प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि फरशी मात्र एकाच माणसाकडे असू द्या. गळती लागली की तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. प्लास्टरआधी पाइपांची प्रेशर टेस्ट घ्या. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी तुंबवून ठेवा, पातळी खुणेने तपासा, आणि मगच फरशी व पुढचा हप्ता.